प्रदूषणात सायकल चालवणारे, तुम्ही नक्की काय करता?

अर्धापेडल (धागाकर्ता)

मंडळी, ऑफिसला सायकलने जायला लागून बराच काळ झाला. पाय सरावलेत, पाठ कुरकुरत नाही, रहदारीची भीडही चेपली, पण हवा काही सोसवत नाही. माझा रस्ता एका बाजूने नऊएक किलोमीटर, त्यातला मोठा भाग हमरस्ता, मध्ये मोठमोठे सिग्नल आणि एक उड्डाणपुलाखालचा पट्टा जिथे धूर नुसता कोंडून असतो. घरी येऊन नाक शिंकरलं की रुमालावर काळं, घशात खरखर, डोळे चुरचुरतात. त्यात ऑफिसातली मंडळी विचारणार, सायकल चालवून आयुष्य वाढवतोयस की कमी करतोयस? आधी हसण्यावारी नेत होतो, आता मलाच प्रश्न पडलाय.

तर तुम्ही लोक काय करता? मास्क लावता का, कुठला, आणि तो लावून चढ चढता येतो का? हवा वाईट असेल त्या दिवशी सायकल घरी ठेवता का, आणि वाईट म्हणजे किती वाईट? "सायकल सोडा, गाडी घ्या" सोडून बाकी सगळे सल्ले चालतील.

घंटीवाला

श्वास रोखून धरायची प्रॅक्टिस करा. नऊ किलोमीटर म्हणजे फार नाही. (हलके घ्या.)

चेनकव्हर

मास्कचं सांगतो, कारण त्यावर मी नको इतकं वाचलंय.

रुमाल, ओढणी, स्कार्फ, ते नळीसारखं गळ्यात घालायचं कापड, यातून धूळ अडते, पण खरी काळजी ज्यांची करायची ते पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक कण आरामात आरपार जातात. ओला रुमाल बांधणारेही पाहिलेत, त्याने गार वाटतं इतकंच. सर्जिकल मास्कचं कापड त्या मानाने बरं असतं पण तो गालाजवळ उघडा, आणि सायकलवर जोरात श्वास घेताना हवा सगळ्यात सोप्या वाटेने म्हणजे त्या फटीतूनच आत येणार.

एन९५ किंवा त्याचाच युरोपीय भाऊ एफएफपी२ घ्या. एन९५ म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे किमान ९५ टक्के कण अडवतो, आणि तो आकार मुद्दाम निवडलाय कारण तेवढे कण अडवणं सगळ्यात अवघड, त्याहून मोठे आणि त्याहून बारीक दोन्ही जास्त चांगले अडतात. पण हे सगळं मास्क चेहऱ्याला चिकटून बसला तरच. कानात अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागून जाणारे दोन पट्टे असलेला चांगला बसतो. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून घ्यायची, मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडायचा. डोळ्यांकडे हवा आली तर बसलेला नाही. चष्मेवाल्यांना वेगळी टेस्ट लागत नाही, काच धुरकटली की समजून जा.

सायकलसाठी झडपवाला घ्या, श्वास बाहेर पडताना झडप उघडते आणि आत घामाचं डबकं होत नाही. चढ चढता येतो, पण दम लवकर लागतो हे खरं.

आणि एक, हे मास्क वायूंसाठी नाहीत. नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन, कार्बन मोनॉक्साइड सरळ आत येतात. सायकलवाल्यांसाठी कोळशाच्या थराचे मास्क मिळतात, त्याने वास आणि काही वाफा कमी होतात, कार्बन मोनॉक्साइड त्यानेही अडत नाही.

मडगार्ड

दाढी आहे. आता?

चेनकव्हर

दाढी किंवा एन९५, दोन्ही एकत्र नांदत नाहीत. केसांतून हवा आत येते. नुसती मिशी असेल आणि ती मास्कच्या आत मावत असेल तर चालतं.

मडगार्ड

बायकोला हा प्रतिसाद दाखवणार नाही.

रानवाट

चेनकव्हर यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, वाचनखूण साठवली, पण मला वाटतं सुरुवात मास्कपासून करूच नये. आधी रस्ता बदला. मास्क ही शेवटची पायरी.

धागाकर्ते म्हणतात हमरस्ता. वाहनांच्या धुरातले सगळ्यात बारीक कण रस्त्याच्या कडेला प्रचंड असतात आणि जसजसं लांब जावं तसे झपाट्याने कमी होतात, शेदोनशे मीटरमध्येच मोठा फरक पडतो. म्हणजे हमरस्त्याला समांतर एखादी आतली गल्ली असेल तर तीच घ्यायची, एखाददोन किलोमीटर वाढले तरी हरकत नाही. मॅपवर गाडीचा रस्ता बघू नका, चालण्याचा बघा, मग या गल्ल्या सापडतात. शाळेमागची, कॉलनीतून जाणारी, नाल्याच्या कडेची, अशा वाटा शोधायला एक सुट्टीची सकाळ द्या.

दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेला अरुंद रस्ता टाळा, तिथे वाराच लागत नाही आणि धूर खालीच फिरत राहतो. गंमत म्हणजे अशा रस्त्यावर वर झाडांचं छत असेल तर सावलीने बरं वाटतं पण हवा आणखी अडकते. झाडं हवी ती वाहनं आणि आपण यांच्या मध्ये, दाट झुडपांच्या रांगेसारखी.

आणि सिग्नल. सायलेन्सरच्या मागे पाय टेकून उभं राहणं म्हणजे स्वतःहून धुराचा झोत घेणं. जागा असेल तर सगळ्यांच्या पुढे जाऊन थांबा, नसेल तर चार गाड्या मागे थांबा आणि हिरवा झाल्यावर त्यांना जाऊ द्या. गाडी निघताना इंजिनावर जोर येतो तेव्हाच काळा भपका सुटतो, विशेषतः डिझेलच्या जुन्या बस-ट्रकचा. मी बसचं इंजिन आणि सायलेन्सरचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते आधी बघते आणि उलट बाजूला सरकते, लोकांना वाटतं हिला सीट हवीय.

हवाहवाई

सिग्नलला सगळ्यांच्या पुढे जायचं म्हणजे बसच्या आणि फुटपाथच्या मधल्या फटीतून घुसायचं का? प्रदूषणाने वीस वर्षांनी मरण्यापेक्षा बसखाली आज मरण्याचा प्रकार. हा सल्ला जपून द्या ताई.

रानवाट

बरोबर आहे, "जागा असेल तर" हे ठळक अक्षरात वाचावं. बस आणि ट्रकच्या कडेच्या फटीत कधीच नाही, वळताना त्यांना आपण दिसत नाही.

खवचट_खार

धागाकर्त्याने नको म्हटलंय तरी सांगतेच. सायकलवर तुम्ही चारपाच पट हवा ओढता. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो, सायकलवर तीसचाळीस लिटर होतातच. ती सगळी घाण चारपाच पटीने आत. त्यापेक्षा काचा लावून बसावं, आणि व्यायाम घरी करावा.

सूक्ष्मकण

@खवचट_खार, आकडे बरोबर, निष्कर्ष अर्धा बरोबर. गाडीतल्या माणसाच्या समोर चोवीस तास दुसऱ्या गाडीचा सायलेन्सर असतो आणि गाडी हवा घेते ती रस्त्याच्या मधोमध. आतली हवा फिरवायचं बटण चालू असेल तर कण बरेच कमी होतात हे मान्य, पण मग काचा बंद गाडीत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पेंग येते. ते बटण बंद असेल तर गाडीत बसलेला आणि सायकलवाला यांच्या हवेत फार फरक नसतो, आणि सायकलवाला कोंडीतून लवकर सुटतो. आणि तो गाडीवाला त्या वेळात व्यायाम करत नसतो.

यावर केंब्रिजच्या संशोधकांनी केलेला हिशेब २०१६ मध्ये प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन या नियतकालिकात आलाय. जगातल्या शहरांची जी सरासरी त्यांनी धरली, घनमीटरला २२ मायक्रोग्रॅम पीएम २.५, तिथे सायकल कितीही चालवा, फायदाच जास्त. पातळी १०० असेल तर मात्र दिवसाला दीड तासाच्या पुढे सायकलचा तोटा फायद्यावर जातो. म्हणजे "सायकल वाईट" असं नाही, आणि "सायकल आहे मग काय होतंय" असंही नाही. किती हवा आणि किती वेळ, दोन्ही बघावं लागतं.

मडगार्ड

म्हणजे एक्यूआय १०० च्या वर गेला की दीड तासात घरी. सोप्पं आहे.

सूक्ष्मकण

नाही नाही नाही. हीच गल्लत सगळीकडे होते. ते १०० मायक्रोग्रॅम आहेत, एक्यूआय नव्हे. एक्यूआय हा मोजणीवरून काढलेला हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, आणि प्रत्येक देशाची पट्टी वेगळी. पीएम २.५ साठी भारतीय पट्टीवर ६० मायक्रोग्रॅमला एक्यूआय १०० होतो, अमेरिकन पट्टीवर तोच १०० साधारण ३५ मायक्रोग्रॅमलाच येतो. दोन ॲप दोन आकडे दाखवतात आणि लोक म्हणतात यंत्र खोटं, यंत्र खरंच असतं, पट्टी निराळी असते. म्हणून ॲपमध्ये एक्यूआय बघूच नका, आत जाऊन मायक्रोग्रॅम बघा. शिवाय काही ठिकाणचा आकडा चोवीस तासांच्या सरासरीवर असतो, तुम्ही आत्ता निघताय तेव्हाची हवा त्यात दिसत नाही.

आणि तो हिशेब वर्षाच्या सरासरी पातळीचा, रोज तितकीच सायकल धरून केलेला आणि धडधाकट लोकांसाठीचा आहे. एका वाईट दिवसाचा निर्णय त्यावरून घ्यायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मर्यादा आणखी कडक केल्या, वर्षाची सरासरी ५ आणि चोवीस तासांची १५ मायक्रोग्रॅम. बहुतेक मोठ्या शहरांना ते जमत नाही हा भाग वेगळा.

तिसरा_गिअर

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).

पहाटपक्षी

इतका ऊहापोह कशाला, पहाटे पाचला निघा. रस्ता मोकळा, हवा शुद्ध, मन प्रसन्न. मी कायम पहाटेच चालवतो, मास्क-बिस्क काही लागत नाही.

सूक्ष्मकण

पहाटपक्षी, राग मानू नका, पण हिवाळ्यात पहाटेची हवा शुद्ध ही समजूत आहे. रात्री जमीन थंड होते, तिच्या लगतची हवाही थंड होते, आणि वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. रात्रीचे ट्रक, शेकोट्या, जाळलेला कचरा, सगळं त्या झाकणाखाली. ऊन चढलं की झाकण उचललं जातं आणि हवा मिसळते. म्हणून थंडीत उशिरा सकाळ किंवा दुपार बरी. उन्हाळ्यात उलटं, कडक उन्हात ओझोन तयार होतो आणि तो दुपारी ते संध्याकाळी जास्त असतो, तेव्हा सकाळ बरी.

पहाटपक्षी

तुम्ही विज्ञान सांगताय, मी अनुभव सांगतोय. पहाटे मला श्वास घ्यायला त्रास होत नाही, ऑफिस सुटल्यावर होतो.

सूक्ष्मकण

त्रास जाणवणं आणि कण असणं एक नव्हे. संध्याकाळी ताजा धूर नाकाला झोंबतो, पहाटेचे शिळे बारीक कण झोंबत नाहीत. तुमच्या जवळच्या मोजणी केंद्राचा तासातासाचा आलेख एकदा थंडीत बघा, मग बोलू. वारा असेल किंवा ढगाळ रात्र असेल तर तुमचं म्हणणं खरंही निघेल.

घंटीवाला

मी रात्री झोपतो आणि दुपारी उठतो, दोन्ही टाळतो.

दमेकरी

मला दमा आहे आणि मी सायकल चालवते, म्हणून थोडं लांबडं लिहिते. डॉक्टरांनी सायकल बंद कर असं सांगितलं नाही, उलट व्यायाम चालू ठेव म्हणाले, पण अटी घातल्या. निघायच्या आधी कुठला पंप (इनहेलर) घ्यायचा ते त्यांनी लिहून दिलंय, झटपट आराम देणारा पंप हँडलच्या पिशवीत वरच्या वर, तळाशी रेनकोटखाली नाही. सुरुवातीची दहा मिनिटं अगदी हळू. थंड हवेत नाकातोंडावरून कापड, ते प्रदूषणासाठी नाही, थंड कोरड्या हवेने छाती आवळते म्हणून.

आणि मी आकड्यापेक्षा शरीराचं ऐकते. जिना चढताना शीळ घातल्यासारखा आवाज आला, रात्री खोकल्याने जाग आली, तर दुसऱ्या दिवशी आकाश निळंशार असलं तरी सायकल नाही. धागाकर्त्यांना घशात खरखर होते म्हणतात तिच्याकडे मी फार घाबरून बघणार नाही, पण छातीत घट्टपणा, धाप किंवा खोकला आठवडाभर राहिला तर इथे विचारू नका, डॉक्टरकडे जा. इथे घंटीवाला आहेत.

घंटीवाला

ताई, हा अपमान मी मनावर घेतलाय.

चेनकव्हर

दमेकरी यांना पूर्ण अनुमोदन. आणि रुमालावरच्या काळ्याबद्दल, अर्धापेडल, ते दिसलं की वाईट वाटतं पण तो माल नाकाने अडवलेला आहे, मोठे कण. आत खोलवर जातात ते रुमालावर दिसतच नाहीत. म्हणून नाकाने श्वास घेता येईल इतक्याच जोराने चालवावं, तोंड उघडलं की नाकाची चाळणी बाद. वाफ घेतली, मिठाच्या पाण्याने नाक धुतलं तर नाक-घसा मोकळा होतो, चांगलंच आहे, पण फुप्फुसातले कण त्याने बाहेर येत नाहीत.

तिसरा_गिअर

या नाकाच्या मुद्द्यावरून वेगाचं. मला वाटायचं घाण पट्टा आला की दणकून पेडल मारून बाहेर पडावं. पण जोर लावला की श्वास वेगापेक्षा जास्त वाढतो, आणि अगदी रेंगाळलो तर वेळ वाढतो. मधला वेग सगळ्यात कमी हवा ओढणारा, सपाट रस्त्यावर ताशी साधारण १२ ते २० किलोमीटर. म्हणजे गप्पा मारता येतील असा. उड्डाणपुलाखाली स्प्रिंट मारणाऱ्यांनी नोंद घ्यावी. याच न्यायाने चढाच्या रस्त्याला बॅटरीची सायकलही वाईट नाही, धाप कमी लागते.

खवचट_खार

बॅटरीची सायकल म्हणजे सायकल नाहीच.

तिसरा_गिअर

तो वेगळा धागा आहे, त्यावर तिथे भांडू.

सुटे_भाग

हँडलला लावायचं छोटं मोजणी यंत्र कुणी वापरलंय का? मी घेतलंय. पावसाळी सकाळी धुक्यात असे आकडे दाखवले की मी परतच फिरलो, नंतर केंद्रावर बघतो तर पातळी अगदी साधी.

सूक्ष्मकण

ती स्वस्त यंत्रं लेझरचा प्रकाश कणांवरून किती विखुरतो त्यावरून अंदाज बांधतात. हवा दमट असली की कण पाणी शोषून फुगतात, धुक्याचे थेंबही मोजले जातात, आकडा चढतो. धुक्यात त्याच्यावर जाऊ नका. पण याच रस्त्यावर आणि त्या गल्लीत किती फरक, हे एकाच दिवशी बघायला फार उपयोगी. रानवाट यांचं म्हणणं स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

काळा_धूर

सगळं वाचलं. एक गोष्ट खटकतेय. मास्क आम्ही लावायचा, रस्ता आम्ही बदलायचा, वेळ आम्ही बदलायची, श्वासही आम्ही मोजून घ्यायचा, आणि धूर सोडणाऱ्याने काय करायचं? कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर आणि २०१३ मध्ये एकूणच घराबाहेरच्या हवेचं प्रदूषण कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं. तरी चर्चा सायकलवाल्याने कुठला मास्क लावावा. हमरस्त्यापासून वेगळा सायकलमार्ग मागा की.

हवाहवाई

मागतोयच. तो होईपर्यंत उद्या सकाळी ऑफिसला जायचंय ना.

काळा_धूर

उद्याचं उद्या असं करतच तो होत नाही.

रानवाट

दोघंही बरोबर आहात. फक्त मागताना "सायकलमार्ग द्या" एवढं म्हणू नका, कुठून ते सांगा. हमरस्त्याच्या कडेला पांढरी रेघ ओढून दिली तर आपण त्याच धुरात, वरून त्यात पार्किंग. आणि सगळ्या गाड्या उद्या विजेच्या झाल्या तरी टायर आणि ब्रेक झिजून उडणारी पूड आणि रस्त्याची धूळ राहणारच, त्यामुळे अंतर लागणारच.

खवचट_खार

हे पटलं. नोंद करून ठेवा, मला काहीतरी पटलं.

अर्धापेडल

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. मध्यंतरी काही गोष्टी करून पाहिल्या, त्या सांगतो.

रानवाट यांच्या सांगण्यावरून चालण्याचा मॅप उघडला तर हमरस्त्याला समांतर वसाहतीतून एक वाट निघाली. तिथे गतिरोधक फार, कुत्री त्याहून फार, आणि एका ठिकाणी लोखंडी फाटकातून सायकल उचलून न्यावी लागते, पॅनियर (मागच्या चाकाच्या बाजूची पिशवी) लावलेली असेल तर कसरतच. पण उड्डाणपुलाचा पट्टा पूर्ण चुकतो. घशाची खरखर बरीच कमी आहे, डोळे चुरचुरणं जवळपास गेलं. ऑफिसची वेळ थोडी लवचीक आहे म्हणून थंडीपुरतं तासभर उशिरा निघतोय, पहाटपक्षी यांची क्षमा मागून. मास्क फक्त शेवटच्या हमरस्त्याच्या तुकड्यात लावतो, झडपवाला. दाढी नाहीये.

वाईट दिवस कुठला यावर अजून ठाम नाही. सध्या मायक्रोग्रॅम बघतो, तीन आकडी दिसला की सायकल घरी आणि बस. त्याच्या खाली पण जास्त असेल तर गल्लीतून, हळू. हे बरोबर आहे का?

दमेकरी

धडधाकट माणसाला ठीक वाटतंय. माझी रेषा याच्या बरीच खाली आहे. आणि बसमध्येही मास्क ठेवा, बसची दारं सारखी उघडतात.

सूक्ष्मकण

चालेल. फक्त घरी ठेवलेल्या दिवशी त्याची भरपाई म्हणून खिडकी उघडी टाकून ट्रेनरवर (घरात सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) तासभर घाम गाळू नका. बाहेरचे बारीक कण घरात येतातच. खिडकी बंद आणि बारीक कण गाळणाऱ्या हेपा फिल्टरचं यंत्र चालू असेल तर ठीक, नाहीतर त्या दिवशी हलकाच व्यायाम.

अर्धापेडल

नोंद घेतली. शेवटचा एक प्रश्न, हा मास्क धुता येतो का? घामाने पार वाट लागते त्याची.

चेनकव्हर

अजिबात नाही. त्याच्या मधल्या थराच्या धाग्यांवर विद्युतभार असतो, बारीक कण त्याला चिकटतात. साबण, स्पिरिट लागलं की तो भार जातो, मास्क दिसतो तसाच पण काम अर्ध्यावर. वापरून झाल्यावर हवेशीर जागी कागदी पिशवीत टांगा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलात तर वासाने दुसऱ्या दिवशी लावणार नाही. दोनतीन मास्क आलटून पालटून वापरा. श्वास घ्यायला जड वाटायला लागला, पट्टे सैल झाले किंवा नाकाची पट्टी धरेनाशी झाली की फेकून द्या.

सुटे_भाग

आणि डोळ्यांना? चुरचुरणं राहिलं असेल तर कडेने बंद असलेला साधा पारदर्शक गॉगल घ्या, रात्रीही चालतो. एन९५ वर तो धुरकटणार, त्यावर उपाय मिळाला तर मलाही कळवा.

तिसरा_गिअर

नाकाच्या पट्टीवर वरून वैद्यकीय चिकटपट्टी लावा. काढताना ओरडायचं नाही.